तोडलेली वायर

मानसिंग निकमचा उजवा पाय दिसायला धडधाकट होता, पण घोट्यातून तो वळत नसे. लष्करात असताना लेहच्या रस्त्यावर जॅक सरकला आणि ट्रकचं चाक घोट्यावर बसलं. हाड जुळलं, सांधा मात्र गोठला तो गोठलाच. पेन्शन आणि तो पाय घेऊन हवालदार मानसिंग नागठाण्याजवळच्या आपल्या वाडीला परतला आणि ज्यानं उभी हयात स्टिअरिंगमागं काढली तो माणूस वडाप जीपमध्ये मागच्या फळीवर बसून बाजाराला जाऊ लागला. बिनक्लचची गाडी असती तर ब्रेक डाव्या पायानं शिकता आला असता. पण अॅक्सिलरेटर म्हणजे हलक्या पायाचं काम. तो एकसारखा धरून ठेवायचा म्हटलं की चार-पाच मैलांत पोटरीत गोळा यायचा. हमरस्ता वाडीच्या तोंडाशीच होता. मानसिंग ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना शिव्या घाली. याला गिअर कळत नाही, त्याला वळण कळत नाही. ऐकायला त्याची बायको शालूबाई एकटी, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायची विद्या तिनं केव्हाच शिकून घेतली होती.

या माणसाला पुन्हा गाडीवर बसवलं ते त्याच्या धाकट्या भावानं, कृष्णातनं. कृष्णात मस्कतला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. तिथल्या सरळसोट रस्त्यांवर त्यानं एक युक्ती पाहिली. गाडीला वेग द्यायचा, स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. गाडी तोच वेग धरून आपली आपण चालत राहते. ब्रेकला पाय लागला की सुटते. त्याला क्रूझ म्हणतात. दुसरा कुणी असता तर गंमत म्हणून विसरून गेला असता. कृष्णातला मात्र आपल्या दादाचा घोटा आठवला. कायमचं परत येताना लोक सोनं आणतात, टेपरेकॉर्डर आणतात, अत्तराच्या बाटल्या आणतात. कृष्णातनं एक जुनी अमेरिकन पिकअप आणली. स्टिअरिंग डावीकडं, गिअर आपोआप पडणारे, क्लच नाहीच, निळा रंग जागोजाग उडालेला. मुंबईच्या बंदरात ती कागदपत्रांपायी रखडली, पण त्यानं हेलपाटे घालून ती सोडवली आणि चावी आणून दादाच्या हातात ठेवली.

"डाव्या पायानं ब्रेक मारायचा, दादा," तो म्हणाला. "उजव्याला आता सुट्टी."

लोक हसले. सातारा-कराड रस्ता, त्यावर उसाच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मधेच बसकण मारणाऱ्या म्हशी, आणि तिथं म्हणे क्रूझ! हसणाऱ्यांचं काही अगदीच चुकत नव्हतं. पण पहाटेच्या वेळी निघालं की हा रस्ता मोकळा मिळतो, आणि मानसिंगला पहाटे उठायची लष्करी सवय होतीच. पन्नासच्या वर वेग गेला की तो बटण दाबी आणि पाय उचलून बाजूला ठेवी. मग पिकअप उंब्रजपर्यंत, पुढं कराडच्या अलीकडंपर्यंत अशी जाई की शेजारी बसलेल्या माणसानं देवाचं नाव घ्यावं. मोसमात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एरवी वाईकडचा घेवडा आणि आलं, असा माल तो सांगलीच्या बाजारात पोचवू लागला. ओट्यावरच्या शिव्या बंद झाल्या. शालूबाई म्हणायची, माझा माणूस मला भाऊजींनी परत आणून दिला. खरं म्हणजे हे वाक्य मानसिंगनं म्हणायला हवं होतं. पण निकमांच्या घरात आभार मानायची रीत नाही. तिथं फार तर जेवताना दुसऱ्याच्या ताटात भाकरी जास्त वाढतात.

दोन वर्षं अशी सुखात गेली, आणि सुख टोचायला लागलं की माणूस कारण शोधतो. कृष्णातला सांगलीला मोटर वाइंडिंगचं दुकान टाकायचं होतं. विश्रामबागेत पोरांना शाळा चांगली, आणि त्याची बायको अंजना हिचं माहेर कवठे महांकाळचं, म्हणजे तिलाही ते जवळ. यात वाईट काहीच नव्हतं. पण मानसिंगला वाटलं, झालं, भाऊ वेगळा निघाला. त्यात कृष्णात एकदा बोलून गेला की पावसाळ्यात स्ट्रॉबेरी नसते तेव्हा गाडी थोडे दिवस सांगलीला ठेवू, दुकानाच्या सामानाला उपयोगी पडेल. मानसिंगनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. त्या दिवसापासून तो गाडीची चावी उशाखाली ठेवून झोपू लागला.

ही झाली १९९५ च्या दसऱ्याआधीची गोष्ट. आता हॉर्नचं ऐका.

पिकअपचा हॉर्न अमेरिकन होता, म्हणजे सभ्य होता. तिकडं म्हणे हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी दिल्यासारखं समजतात. इकडं हॉर्न वाजवला नाही तर बैलगाडीवाला झोपेतून उठत नाही. भावकीतला ज्योतिबा तर मानसिंगला तोंडावर म्हणायचा, दादा, गाडी रेड्याएवढी आन आवाज शेरडाचा. हे मानसिंगला झोंबे. खंडेनवमीला गाडीची पूजा होते, गावातली सगळी वाहनं ओळीनं उभी राहतात, हार पडतात, आणि नारळ फुटला की जो तो आपला हॉर्न वाजवतो. गेल्या वर्षी त्या गजरात पिकअपचा आवाज कुणाला ऐकूही आला नव्हता. म्हणून यंदा नवमीच्या आदल्या दिवशी मानसिंगनं गाडी साताऱ्याला पोवई नाक्यावर सिद्धूकडं नेली. सिद्धू हॉर्न बसवण्यात नावाजलेला. त्यानं तीन कर्ण्यांचा हवेचा हॉर्न बसवला आणि डॅशबोर्डवर मोठं लाल बटण लावलं. परदेशी स्टिअरिंगच्या आत हात घालायचा नाही, असा त्याचा नियम होता. तो काम करत होता तेवढ्या वेळात मानसिंग समोर चहा पीत बसला, झेंडूची फुलं घेतली, पानाचा विडा लावला. येताना दसऱ्याच्या बाजाराची तोबा गर्दी, त्यामुळं क्रूझ लावायचा प्रश्नच नव्हता. हॉर्न मात्र तो नाक्यापासून घरापर्यंत वाजवत आला.

नवमीला कृष्णातनं गाडी आतबाहेर धुतली, पुसली. आपली पक्कड, टेस्टर, मीटर त्यानं कोयत्या-विळ्यांशेजारी देवापुढं मांडलं. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावरच ते परत हातात घ्यायचं. नारळ फुटला आणि पिकअपच्या तीन कर्ण्यांनी गाव दणाणून सोडलं. ज्योतिबानं कानावर हात ठेवले आणि मानसिंग पोरासारखा हसला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो आल्याची पोती घेऊन सांगलीला निघाला. वेग घेतला, बटण दाबलं, पाय उचलला आणि गाडी मंदावली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. उंब्रजपर्यंत त्यानं पाय रेटून धरला. तिथं पोटरीत असा गोळा आला की गाडी कडेला घेऊन तो बराच वेळ पाय चोळत बसला आणि मग मुकाट माघारी फिरला.

फौजी माणूस. दोष शोधायचा तर एका टोकाकडून सुरू करायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं आधी सगळे फ्यूज काढून बारका बल्ब लावलेल्या वायरनं तपासले, एकही उडालेला नव्हता. ब्रेकचे लाल दिवे गेले तरी क्रूझ धरत नाही, हे त्याला कृष्णातनंच शिकवलं होतं. म्हणून शालूबाईला गाडीमागं उभं केलं आणि ब्रेक दाबून विचारलं. दोन्ही दिवे लागत होते. ब्रेकच्या दांडीवरचं बारकं स्विच पाहिलं. बॉनेट उघडून क्रूझची रबरी नळी तोंडानं फुंकून पाहिली, उंदरानं कुरतडली नव्हती. शेवटी तो डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झाला, बॅटरी तोंडात धरली आणि वायरींचं जुडगं चाचपू लागला. स्टिअरिंगच्या दांड्याला लागून एक वायर लोंबत होती. टोकाला काळी टेप गुंडाळलेली. त्यानं टेप सोडली. आत तांबं लखलखत होतं. वायर जळली नव्हती, तुटली नव्हती. पकडीनं तोडली होती.

तिचं दुसरं टोक जुडग्यात कुठं जातं हे त्यानं पाहिलंच नाही, त्याला ती गरज वाटली नाही. वायरीला हात घालणारा माणूस घरात एकच होता. गाडी दोन दिवस त्याच्याच हाताखाली होती. आणि गाडीवर डोळाही त्याचाच होता. हॉर्नवाल्याचं नावसुद्धा मानसिंगच्या मनात आलं नाही. सिद्धूनं हॉर्न बसवला होता, आणि हॉर्नचा न् क्रूझचा काय संबंध? एक आवाज करतं, एक चाल धरतं. साप साप म्हणून भुई धोपटायची म्हटल्यावर भुई तेवढी जवळची लागते.

तो बाहेर आला तेव्हा अंगणात माणसं होती. दसऱ्याचा पाहुणचार चालू होता. अंजनाचे वडील नाथाजी कवठे महांकाळहून लेकीकडं आले होते आणि माचावर बसले होते. ज्योतिबा होता, भावकीतली आणखी माणसं होती. मानसिंगनं कृष्णातला हाक मारली, बॅटरी दिली आणि बघ म्हणाला. कृष्णात वाकला. त्यानं वायर बोटांत धरली, ती वर कुठवर जाते ते पाहिलं, मग मान वळवून लाल बटणाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि तो काहीतरी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात मानसिंग बोलला.

"का तोडलीस?"

कृष्णातचं हसू तोंडातच राहिलं. "दादा, तुमी इचारताय का सांगताय?"

"सांगतोय. मी गाडी चालवू ने म्हणून तोडलीस तू. लंगडा परत ओट्यावर बसला म्हंजे गाडी सांगलीला न्यायला मोकळी."

नाथाजी माचावरून उठले. म्हातारा पटक्याचा शेमला सारखा करत उभा राहिला. सासऱ्यासमोर जावयाला चोर म्हटलं गेलं होतं. कृष्णातनं बॅटरी बंद केली, भावाच्या हातात दिली आणि तो घरात गेला. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मानसिंगनं त्याचा अर्थ आपल्याला हवा तो काढला.

शालूबाईनं मागाहून नवऱ्याला एकच गोष्ट सांगून पाहिली. नवमीपासून भाऊजींची पक्कड देवापुढं होती, हळदकुंकू लावलेली, कुणी हलवली नव्हती. मानसिंग म्हणाला, पक्कड काय जगात एकच असते? दिवाळीच्या आत कृष्णात बायकापोरांसह सांगलीला गेला. त्यानं जमिनीत वाटा मागितला नाही, गाडीचं नाव काढलं नाही. आणि मानसिंगनं ती वायर तशीच लोंबत ठेवली. जोडून पाहिली असती तर निम्मी गोष्ट तिथंच उलगडली असती. पण तो म्हणे, पुराव्याला हात लावायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डॅशबोर्डखाली बॅटरी मारून दाखवायचा, ही बघा माझ्या भावाची करणी. लोक बघायचे, मान हलवायचे आणि घरी जाऊन जेवायचे.

स्ट्रॉबेरीचा मोसम आला. मानसिंग ईर्ष्येनं गाडी चालवत राहिला, पाय बांधून, मलम चोळून, दर पाच-सहा मैलांवर थांबत. पहाटेचा माल सांगलीला उन्हं वर आल्यावर पोचू लागला आणि स्ट्रॉबेरी ही वाट बघणारी वस्तू नव्हे. व्यापारी कुरकुरू लागले. मग एके दिवशी इस्लामपूरच्या अलीकडं पायात गोळा आला, पाय होता तसा अॅक्सिलरेटरवर आखडून बसला आणि गाडी रस्ता सोडून उसात घुसली. कुणाला काही झालं नाही. पेट्यांचा मात्र लाल चिखल झाला. महाबळेश्वरच्या बागायतदारानं दुसरी गाडी लावली. पिकअप गोठ्याशेजारी उभी राहिली, मानसिंग ओट्यावर बसला, आणि जाणाऱ्या ड्रायव्हरांना शिव्या पुन्हा सुरू झाल्या. आता त्यात एक नाव जास्त होतं, भावाचं.

पाऊस सरत आला तेव्हा गाडी विकायचं ठरलं. वाईचा एक मंडपवाला ज्योतिबाच्या ओळखीचा होता, त्याला सामान वाहायला हवी होती. तो बघायला येणार म्हणून मानसिंगनं गाडी चालू करून पाहिली. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं, पण लाल बटण दाबलं तर तीन कर्ण्यांतून नुसता दमेकऱ्याचा श्वास निघाला. पावसाचं पाणी शिरून पंप गेला होता. मुकी गाडी कोण घेणार? म्हणून तो ती हळूहळू साताऱ्याला सिद्धूकडं घेऊन गेला.

सिद्धू म्हणाला, नवा पंप पुण्याहून मागवावा लागेल. तोवर तुमचा मूळचा हॉर्न आहे तिथंच आहे, मी काढला नव्हता, तोच परत जोडून देतो. त्यानं डॅशबोर्डखाली डोकं घातलं, थोडी खुडबुड केली आणि स्टिअरिंगवर थाप मारली. शेरडू ओरडलं. मानसिंगही हसला. जुना आवाज कितीतरी दिवसांनी कानावर पडला होता.

परतीच्या वाटेवर शेंद्र्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला. मानसिंगच्या मनात काही नव्हतं. अंगठा सवयीनं बटणावर गेला, पोटरी भरून आली म्हणून पाय उचलला गेला, आणि गाडी मंदावली नाही. तिनं वेग धरला. पाय बाजूला, आणि गाडी आपली आपण चालली होती, पहिल्या दिवशी चालली होती तशी. वर्षभर ज्याच्यासाठी तो तळमळला ते असं फुकाफुकी हाताशी आलं.

त्यानं ब्रेक मारून गाडी लिंबाखाली घेतली आणि डॅशबोर्डखाली आडवा झाला. लोंबणारी वायर आता लोंबत नव्हती. सिद्धूनं ती तिच्या जुन्या जोडीदाराला जोडून वर ताजी टेप मारली होती. मानसिंगनं स्टिअरिंगचा हॉर्न दाबला, वाजला. मग गाडीतल्या पकडीनं तो जोड सोडवला. हॉर्न मुका झाला, आणि गाडी थोडी पळवून पाहिली तर क्रूझही मेलं. पुन्हा जोडलं, दोन्ही जिवंत. स्टिअरिंगवरच्या सगळ्या बटणांना, हॉर्नच्या आणि क्रूझच्या, वीज पुरवणारी वायर एकच होती. सिद्धूनं आपल्या लाल बटणाला वीज हवी म्हणून ती तोडून घेतली होती आणि स्टिअरिंगकडं जाणाऱ्या तुकड्याला टेप गुंडाळून दिला होता सोडून. कुणाच्या मनात काही काळं नव्हतं. पूजेच्या दिवशी चारचौघांत आपला हॉर्न मोठ्यानं वाजावा म्हणून मानसिंगनं स्वतः गाडी नेऊन, चहा पीत बसून, ती वायर तोडून घेतली होती.

वाडीचा फाटा आला तेव्हा तो वळला नाही. सरळ कराड, पेठनाका, इस्लामपूर करत सांगलीला गेला. पाय एकदाही दुखला नाही. वाटेत तो वाक्य जुळवत होता. चुकलं रं माझं, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्दांना सत्तर मैल पुरले नाहीत.

कृष्णात दुकानातून नुकताच घरी आला होता. दादाला दारात बघून तो उठून उभा राहिला, पाया पडला. अंजनानं ट्रेमधून पाणी आणलं, मग कपबशीत चहा, बशीत बिस्किटं. सोयऱ्यांच्या घरी गेल्यासारखं मानसिंग खुर्चीच्या कडेला टेकला. पाऊस, दुकान, पोरांची शाळा, सगळं बोलून झालं. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी त्यानं सांगितलं की आज गाडीचं क्रूझ चालू झालं, दोष हॉर्नच्या वायरीत होता.

"मला ठाऊक हाय," कृष्णात म्हणाला. "त्याच दिवशी दिसलं हुतं."

मानसिंगनं कप बशीवर आदळला. जुळवून आणलेलं वाक्य कुठच्या कुठं गेलं. "तुला ठाऊक हुतं? आन वरीसभर मी पाय घासत मरत हुतो, उसात गाडी घातली, ते तू बघत बसलास?"

"मंग काय करायचं हुतं, दादा? चोरानं इऊन सांगायचं, चोरी झालीच न्हाई म्हणून? कुणी ऐकलं असतं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "सासरा माझा आजून अंजनाला इचारतो, खरंच तोडली व्हती का गं. तुमी मला इथं च्या पिता पिता सांगू नगा. जेवढी माणसं तवा अंगणात हुती तेवढ्यांपुढं सांगा, की कृष्णातनं तोडली न्हाई. मी दुसऱ्या दिवशी पोरं घिऊन घरी येतो. दिवाळी तिथंच करू."

अंजना आतल्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता. मानसिंग उठला आणि म्हणाला, बघतो. कृष्णात त्याला फाटकापर्यंत सोडायला आला. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तो क्षणभर थांबला, इंजिनाचा आवाज ऐकला आणि म्हणाला, चांगली ठेवलीया. एवढंच.

घरी आल्यावर शालूबाईनं एवढा उशीर कशानं झाला म्हणून विचारलं. मानसिंग म्हणाला, सिद्धूकडं गर्दी होती. रात्री जेवताना त्याच्या मनात आलं की उद्या तर ज्योतिबा येणारच आहे मंडपवाल्याला घेऊन. त्याच्याकडूनच सुरुवात करू. ज्योतिबाला सांगितलं की गावाला दवंडी पिटायची गरज नसते. मग नाथाजींना निरोप धाडू. हे सगळं त्याला जमण्यासारखं वाटलं आणि त्याला झोप लागली.

सकाळी मात्र उजेडाबरोबर दुसराच विचार आला. मंडपवाला गाडी चालवून बघणार. बटणं कशाची म्हणून विचारणार. दाबली की गाडी पळणार. मग ज्योतिबा डोळे बारीक करून विचारील, दादा, हे चालू कसं झालं, कुणी केलं? आणि ज्या गाडीखाली बॅटरी मारून त्यानं सगळ्या पंचक्रोशीला भावाची करणी दाखवली, त्याच गाडीशेजारी उभं राहून सांगावं लागेल की करणी माझीच होती. मला हॉर्न मोठा हवा होता. ज्योतिबा हसेल. वर्षभर हसेल. पारावर बसून हसेल. लेहच्या घाटात बर्फावरून गाडी काढणारा मानसिंग निकम त्या हसण्याला घाबरला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभालाही अजून धग लागली नव्हती.

शालूबाई गोठ्यात होती. मानसिंगनं पक्कड घेतली आणि डॅशबोर्डखाली आडवा झाला. जुना हॉर्न त्यानं लाल बटणाला जोडला. स्टिअरिंगकडं जाणारी वायर सोडवली नाही, तोडली. टोकाला टेप गुंडाळली, आणि ती होती तशी लोंबत सोडली.

ऊन अंगणात आलं तेव्हा मंडपवाला आला. सोबत ज्योतिबा. मंडपवाल्यानं टायर बघितले, बॉनेट उघडलं, लाल बटण दाबलं आणि शेरडाचा आवाज ऐकून हसला. मग स्टिअरिंगवरच्या बटणांवरून अंगठा फिरवत म्हणाला, "ज्योतिबा म्हणत हुते, ही गाडी पाय न लावता चालती. चालतं का ते आजून?"

शालूबाई शेणाची पाटी घेऊन गोठ्याच्या दारात आली होती. ज्योतिबा मानसिंगकडं बघत होता. बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, आणि हे मानसिंगला कळत होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "माझ्या भावानं वायर तोडलीया."